फुली दिसली की खणू नका

गेल्या अंकात देवळांच्या खांबांवरच्या खुणांबद्दल लिहिलं आणि जाता जाता विचारलं की तुमच्या गावात, घरात, वावरात अशी काही खूण असेल तर कळवा. पत्रं भरपूर आली. त्यातली निम्मी एकाच आकाराभोवती फिरणारी निघाली, एक उभी रेघ आणि एक आडवी. कुणी तिला फुली म्हणतं, कुणी क्रूस, कुणी अधिकचं चिन्ह, आणि मोबाइल जास्त पाहणारे 'प्राचीन गूढ प्रतीक' म्हणतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. कुणीही खूण दाखवली की मी दोन गोष्टी विचारतो: सापडली कुठं आणि तिच्या शेजारी काय होतं? अर्थ त्यानंतर. दोन रेघा एकमेकींवर टाकणं कुणालाही जमतं. जगभर लोकांनी त्या टाकल्या आणि प्रत्येकानं आपापल्या कामासाठी टाकल्या. त्या सगळ्यांमागे एकच गुपित आहे असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलेला असतो.

प्रश्न : गुरुजी, रामराम. पेरणीआधी वखर चालू असताना आमच्या सालदाराला एक काळपट नाणं सापडलं. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला फुली आणि फुलीच्या चारही टोकांना गोल. आमचे काकाजी म्हणतात, "हे क्रिस्तानी नाणं हाय." भावानं बाहेरगावचा एक महाराज आणला. तो म्हणतो की ही तांत्रिक खूण आहे, चार दिशांना चार हंडे पुरलेत, मध्ये नागाची चौकी आहे. पायाळू माणूस शोधा, अमावस्येला खणू, पूजेचा खर्च वेगळा. काय करावं?
— एक शेतकरी, मंगरूळपीर तालुका

उत्तर : भाऊ, त्या महाराजाला चहा पाजा आणि आल्या वाटेनं लावा. एक रुपया देऊ नका.

तुमच्या वर्णनावरून हे सातवाहन राजांचं पोटीनचं नाणं दिसतं. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांची मिसळ, त्यामुळे ते काळपट असतं आणि सोनार त्याकडे बघून नाक मुरडतो. तुमच्या भागात ते सापडलं यात नवल काही नाही. तुमच्याच तालुक्यात तऱ्हाळ्याला १९३९ साली अशा नाण्यांचा मोठा ठेवा निघाला होता, दीड हजारांवर नाणी. त्यांवरही एकीकडे हत्ती आणि दुसरीकडे चार गोलांची फुली. हत्तीच्या वरच्या बाजूला ब्राह्मी या प्राचीन लिपीत राजांची नावं होती. ती संशोधक वा. वि. मिराशींनी वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे निघाले जे पुराणांतल्या यादीत नाहीतच. आपल्या मातीतल्या कथला-शिशाच्या तुकड्यांनी पुराणांची यादी दुरुस्त केली, हे मला महाराजाच्या हंड्यांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. तुमच्या नाण्याच्या कडेलाही अक्षरांचे तुकडे असतील. चिंच, राख, लिंबू काही लावू नका. घासलं की राजा गेला.

आता फुलीबद्दल. अभ्यासक तिला 'उज्जैन चिन्ह' म्हणतात, कारण उज्जयिनीच्या जुन्या नाण्यांवर ती फार आढळते. चार गोल म्हणजे चार दिशा असं काहींचं मत, चार समुद्र असं काहींचं, आणि व्यापारी वाटांचा चौक असं आणखी काहींचं. मला चौकाचं मत पटतं, कारण उज्जयिनी वाटांच्या जोरावरच मोठी झाली. पण हा झाला माझा कल. चिन्ह कशाला वापरलं ते मात्र डोळ्यांनी दिसतं. नाशिककडे जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या शक राजाच्या (त्याला क्षत्रप म्हणत) चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांवर नाण्यांचा. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजानं पुन्हा ठसा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला हीच चार गोलांची फुली. काही नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अर्धवट डोकावतो. हरलेल्या राजाचं चलन वितळवत बसण्यापेक्षा त्यावरच आपला शिक्का हाणला आणि बाजारात सोडलं. इतकी ही राजरोस, हिशेबातली खूण आहे. गुपित ठेवायचं असतं तर हातोहाती फिरणाऱ्या पैशावर कुणी उमटवलं असतं का?

काकाजींनाही सांगा, ख्रिस्ती मंडळींत क्रूस उघडपणे मिरवायला लागला तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या वेळेपासून, म्हणजे चौथ्या शतकात. तोवर सातवाहनांचं राज्य बुडालेलं होतं.

राहिलं गुप्तधन. आपल्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी या नादात वावर गहाण टाकतो, आणि कधी कधी प्रकरण कोंबड्या-बकऱ्यांवर न थांबता माणसाच्या जिवापर्यंत जातं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतोच, करवून घेणाराही सुटत नाही. भावाला हे वाचून दाखवा. दुसरी गोष्ट, जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्यासाठी १८७८ चा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर कलेक्टरकडे लेखी कळवावं लागतं. तहसील कचेरीत अर्ज द्या, पोच घ्या. नाणं नागपूरच्या अजबबंगल्यातल्या, म्हणजे तिथल्या सरकारी संग्रहालयातल्या माणसांच्या नजरेखालून गेलं तर राजाचं नावही कळेल.

प्रश्न : सर, नमस्कार. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या सुनेनं उंबरठ्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, ते उलटं निघालं. हात डावीकडे वळले. शेजारच्या बाई म्हणाल्या, उलटं स्वस्तिक करणीवाल्यांचं असतं, हिटलरनं उलटं घेतलं म्हणून तो बुडाला. तेव्हापासून घरात धुसफूस आहे. तुम्ही काय म्हणता?
— एक सासूबाई, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, शेजारच्या बाईंचं हिटलरपासूनच चुकलं. त्याच्या पक्षाच्या झेंड्यावरचं स्वस्तिक आपल्या उंबरठ्यावरच्यासारखं उजवीकडेच वळणारं होतं, फक्त कोपऱ्यावर उभं केल्यासारखं तिरकं. पक्षानं ते १९२० साली झेंड्यावर घेतलं, १९३५ मध्ये ते देशाचं निशाण झालं. त्याआधी जर्मनीतल्या काही गूढवादी मंडळांनी ते उचललं होतं. म्युनिकमध्ये १९१८ ला निघालेल्या थूले सोसायटीच्या चिन्हातही ते होतं. आणि त्यांच्या डोक्यात ते शिरलं कसं? श्लीमान नावाच्या हौशी संशोधकानं १८७० च्या दशकात तुर्कस्तानातल्या ट्रॉय या प्राचीन नगरीच्या उकिरड्या-ढिगाऱ्यांत स्वस्तिकाच्या खुणा असलेल्या वस्तू काढल्या. त्यावरून 'हे आर्यांचं, म्हणजे आमच्या पूर्वजांचं निशाण' असा तर्क युरोपात धावायला लागला. एक शुभखूण वंशाच्या गर्वाला जुंपली गेली आणि तिच्या नावावर लाखो माणसं मारली गेली. आजही युरोपातल्या माणसाच्या अंगावर ती पाहून काटा येतो. त्यात त्याची चूक नाही. तुमचा कुणी नातेवाईक जर्मनीत राहत असेल तर त्याला दारावर काढताना चार वेळा विचार करायला सांगा.

उलट-सुलटचं म्हणाल तर सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर दोन्ही बाजूंना वळणारी स्वस्तिकं आहेत. चीन-जपानच्या बौद्ध देवळांत सहसा डावीकडे वळणारंच असतं, जपानच्या नकाशात देऊळ दाखवायला तीच खूण छापतात. तिबेटातले बोन पंथाचे लोक डावं स्वस्तिक पूज्य मानतात आणि प्रदक्षिणाही डावीकडूनच घालतात. आपली प्रदक्षिणा उजवी, त्यामुळे आपल्याकडे उजवं ते शुभ ठरलं आणि डावं वाममार्गाच्या खात्यात जमा झालं. सवयीचा मामला आहे हा. तुमच्या सुनेनं बहुतेक उंबरठ्याच्या आतल्या बाजूला बसून काढलं असेल आणि चूक शोधणारे उभ्याउभ्या बोट दाखवत असतील. खरं तर बाजू बदलली म्हणून स्वस्तिकाचं वळण बदलत नाही. पण उलट्या बाजूनं काढताना हात चुकतो, रांगोळी काढणारी कुणीही सांगेल.

कारंजा लाड तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या जुन्या जैन मंदिरांत जा. भाविक देवापुढे तांदळानं स्वस्तिक काढतात, ते जरा जवळून पाहा. चार हात म्हणजे जीवाच्या चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच म्हणजे पशुपक्षी वगैरे, आणि नरक. वर तीन ढीग, ते सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. त्याच्याही वर चंद्रकोर, तिथं मुक्त झालेले जीव. शेजारच्याच वाण्याच्या दुकानात वहीवर तेच स्वस्तिक 'शुभ-लाभ'च्या मध्ये बसलेलं असतं, तिथं त्याला या चार गतींशी काही देणंघेणं नाही. आकार तोच, काम वेगळं.

आणि मला सगळ्यात आवडणारं स्वस्तिक कुठल्या मंदिरातलं नाहीच, गुरांच्या कोठ्यातलं आहे. पाणिनी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या आसपासचा व्याकरणकार. त्याच्या सहाव्या अध्यायात एक सूत्र आहे, जनावरांच्या कानांवरच्या खुणांचं. कुठल्या खुणेचं नाव 'कर्ण' शब्दाला जोडताना स्वर लांबवायचा आणि कुठल्या खुणेला नाही, इतकाच त्याचा प्रश्न. अपवादांच्या यादीत तो सांगतो: आठाचा आकडा, पाचाचा आकडा, मणी, फाटका कान, तुटका कान, भोक, होमाची पळी आणि स्वस्तिक. म्हणजे कुणा गुराख्यानं आपली गाय दुसऱ्याच्या कळपात ओळखू यावी म्हणून कानावर स्वस्तिक घातलं होतं. आता त्या जागी सरकारी पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडे.

सुनेला काही बोलू नका. येत्या पाडव्याला तिलाच पुन्हा काढू द्या, बाहेर बसून.

प्रश्न : भाचा म्हणतो, दवाखान्याच्या पाटीवर जो लाल अधिक असतो ती एका गुप्त संघटनेची खूण आहे. खरं का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : नाही. १८६४ मध्ये जिनिव्हात करार झाला, लढाईतल्या जखमींना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कुणी मारू नये म्हणून. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून पांढऱ्यावर लाल फुली घेतली. भारतात १९६० च्या कायद्यानं ती परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे, खासगी डॉक्टरांनाही. तेव्हा गुपित फोडायचंच असेल तर भाच्यानं डॉक्टरसाहेबांना एवढं सांगावं.

प्रश्न : आदरणीय सर, माझे आजोबा वकील होते. घर पाडताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत काही इंग्रजी कागद निघाले. कागदांच्या माथ्यावर गोल शिक्का: स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप, आत सहा कोनांचा तारा, ताऱ्यात डोक्यावर फासा असलेला क्रूस, वर छोटंसं स्वस्तिक आणि त्याच्यावर ॐ. आई घाबरली आहे. म्हणते, जाळून टाक. मी इंटरनेटवर पाहिलं तर त्या फासाच्या क्रूसाला 'अमरत्वाची किल्ली' म्हणतात. आजोबा कशात होते?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : बेटा, आईला सांग, आजोबा व्याख्यानं ऐकत होते. हा थिऑसॉफिकल सोसायटीचा, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे असं मानणाऱ्या संस्थेचा शिक्का आहे. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी ही संस्था काढली. १८७९ ला दोघं मुंबईत उतरले, १८८२ पासून मुख्य ठाणं मद्रासजवळ अड्यारला. पुढे ॲनी बेझंट तिच्या अध्यक्षा झाल्या. त्या काळातले शिकलेले लोक, वकील आणि मास्तर जास्त, या संस्थेच्या सभांना जात. शिक्क्याभोवती एक वाक्य असेल, सत्याहून श्रेष्ठ धर्म नाही अशा अर्थाचं. जाळण्यासारखं त्यात काय आहे?

फासाचा क्रूस म्हणजे इजिप्तचा 'आंख'. तो चित्रलिपीतला एक अक्षर-चित्र आहे, जीवन या अर्थाचा. देव राजाच्या नाकाशी आंख धरून त्याला श्वास देतात अशी चित्रं तिथल्या भिंतींवर जागोजाग आहेत. तूतनखामेन या राजाच्या नावातला मधला तुकडा हाच, आणि १९२२ मध्ये उघडलेल्या त्याच्या थडग्यात आरसा ठेवायची एक पेटीही आंखच्या आकाराची निघाली. मूळ चित्र कशाचं, यावर इजिप्तचे जाणकार भांडतात. ॲलन गार्डिनर या मोठ्या विद्वानाचं मत होतं की हा चपलेचा पट्टा आहे: वरचा फासा घोट्याभोवती, खालचा दांडा अंगठ्याशी. परतवाड्याच्या बाजारात कुठल्याही चांभारदादाला चित्र दाखव, तो क्षणात ओळखेल की नाही ते मला कळव. स्त्री-पुरुष तत्त्वांचा संगम, नाईलची किल्ली वगैरे जे तू वाचलंस ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी गूढवाद्यांनी त्यावर चढवलेलं आहे.

अर्थ चढवण्याचा हा उद्योग जुनाच. इसवी सन ३९१ च्या सुमाराला अलेक्झांड्रियातलं सेरापिस देवाचं मंदिर ख्रिस्ती लोकांनी पाडलं. तेव्हा दगडांवर क्रूससारखी अक्षरं दिसली. सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकारानं (तत्त्वज्ञ सॉक्रेटिस वेगळा, हा पाचव्या शतकातला) लिहून ठेवलंय की ख्रिस्ती म्हणाले, ही आमची खूण, आमच्या देवाची भविष्यवाणी. जुन्या धर्माचे म्हणाले, ही आमची. लिपी जाणणाऱ्यांनी अर्थ सांगितला, 'येणारं जीवन', आणि ख्रिस्त्यांना वाटलं आपण जिंकलो. पुढे इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्त्यांनी फासाचा क्रूस आपलाच करून टाकला. भिंतीवर अक्षर एकच होतं आणि त्यावर दावा सांगायला दोन धर्म उभे राहिले.

तू पत्राच्या शेवटी गुलाब-क्रूसाबद्दलही, म्हणजे क्रूसावर गुलाब असलेल्या खुणेबद्दलही विचारलंस. त्याची कथा कमी रंगतदार आहे. १६१४ ते १६१६ या काळात जर्मनीत तीन पुस्तिका निघाल्या, एका गुप्त बंधुसंघाची हकिगत सांगणाऱ्या. तिसरी आपण लिहिल्याचं योहान आंद्रे या धर्मोपदेशकानं नंतर कबूल केलं आणि तिला थट्टेचा खेळ म्हटलं. त्याच्या घराण्याच्या चिन्हावर तिरकी फुली आणि चार गुलाब होतेच. थट्टा विसरली गेली. संघ मात्र खरेखुरे निघाले, आणि १८८८ ला लंडनमध्ये निघालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळानं तर त्या गुलाबाला बावीस पाकळ्या देऊन प्रत्येकीवर एक हिब्रू अक्षर बसवलं.

कागद उन्हात पसरू नकोस, वाळवीनं खाल्लेले असतील तर सावलीत हलक्या ब्रशनं झटक. आजोबांनी समासात काही लिहिलं असेल तर ते शिक्क्यापेक्षा महत्त्वाचं.

प्रश्न : गुरुजी, मुलांची सहल नागपूरजवळ जुनापाणीला नेली होती. दगडांच्या वर्तुळांतल्या काही दगडांवर उथळ खळगे आहेत, काही ओळीत, काही फुलीच्या आकारात. मुलांनी विचारलं, हे कुणी आणि कशासाठी केलं? शिवाय आमच्या गावच्या जुन्या विहिरीत पायऱ्यांच्या दगडावर ठसठशीत अधिकची खूण आहे. दोन्हींचा संबंध असेल का?
— एक शिक्षिका, काटोल तालुका

उत्तर : मॅडम, संबंध असेल असं मला वाटत नाही, पण दोन्ही खुणा मोलाच्या आहेत.

जुनापाणीची वर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. त्यांतली काही १८६७ च्या सुमाराला खणली ती रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं, आणि तो होता कापूस कमिशनर! आला आपला कापूस मोजायला आणि थडगी मोजत बसला. त्याला ते खळगे दिसले आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या दगडांवरच्या खळग्यांची आठवण झाली. दोन्हीकडे एकच लोक असावेत असं त्याला वाटलं. त्याच्या वेळी सगळ्यांनाच असं वाटायचं.

अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी तिथली ५६ वर्तुळं नोंदवली. त्यांतल्या २० वर्तुळांच्या कडेच्या दगडांवर खळगे मिळाले, आणि ते तीन तऱ्हांचे: समांतर ओळी, एकेरी ओळ आणि अधिकचा आकार. त्यांनी प्रत्येक खळग्याच्या दगडाची वर्तुळाच्या मध्यापासूनची दिशा मोजली. दिशा वाटेल तशा विखुरलेल्या निघाल्या नाहीत, तीन ठरावीक पट्ट्यांतच गोळा झाल्या. त्यामुळे सूर्य-ताऱ्यांच्या उगवत्या जागांशी नातं असावं असा त्यांचा कयास. मला या कामातली पद्धत आवडली. आधी दिशा मोजली, अर्थाचं नंतर पाहिलं. पुढच्या सहलीला मुलांच्या हाती होकायंत्र द्या आणि हेच करून पाहू द्या. दगडावर चढू मात्र देऊ नका.

विहिरीतला अधिक वेगळा असू शकतो. अशोकाच्या वेळच्या ब्राह्मीत 'क' हे अक्षर हुबेहूब अधिकच्या चिन्हासारखं लिहितात. आपल्याच विदर्भात पवनीला स्तूपाच्या दगडांवर आणि देवटेक गावच्या शिळेवर तशी जुनी अक्षरं आहेत, देवटेकची शिळा नागपूरच्या संग्रहालयात पाहता येते. एकटा अधिक असेल तर त्याला 'क' म्हणायची घाई नको. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आणखी अक्षरं आहेत का ते पाहा. पाथरवटानं दगड जुळवायला घातलेली खूण असेल, जमीन मोजणीवाल्यांची असेल, किंवा पहिल्या पावसाचं पाणी कुठवर चढलं ते कुणी कोरलं असेल.

फोटो सकाळी किंवा दिवस कलताना काढा, तिरप्या उन्हात कोरीव रेघ उठून दिसते. शेजारी पट्टी ठेवा. रेघेत खडू भरू नका, आणि गावकऱ्यांनी तिथं शेंदूर लावायला सुरुवात करण्याआधी फोटो मला पाठवा.